आक्काचं तोंड

माणसं चिडली की उठून उभी राहतात. आमची आक्का चिडली की खाली बसायची. असेल तिथं लुगड्याचा घोळ आवरून मांडी घालायची आणि तिचं म्हणणं पुरं होईपर्यंत हलायची नाही. शहापुरातल्या आमच्या गल्लीत "आक्का बसली" एवढं कानावर आलं की बायका एकच विचारत, "कुणाच्या दारात?"

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात चांगली रुळलेली होती. घरात दोन माग होते. एकावर तिचे यजमान बसत, त्यांना सगळे अण्णा म्हणत, दुसऱ्यावर माझे. सासूबाई दिवसभर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत, मी पडेल ते काम करी आणि विणून झालेली लुगडी विकायचं काम आक्काचं. गाठोडं काखेला मारून ती वडगावपासून हिंडलग्यापर्यंत आणि तिथून कॅम्पातल्या, म्हणजे लष्कराच्या छावणीतल्या, बंगल्यांपर्यंत पायी फिरायची. मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही. "ए निपाणी," म्हणायची.

मी आले त्याच वर्षी तिला पहिल्यांदा बसलेली पाहिली. हिंडलग्याच्या एका पोरीच्या लग्नात आमचं लुगडं गेलं होतं आणि पहिल्याच धुण्यात त्याच्या काठाचा तांबडा रंग अंगभर उतरला होता. पोरीला सासरी बोलणी बसली. आक्कानं ते लुगडं परत आणलं, आमच्या रंगाऱ्याच्या दारात अंथरलं आणि शेजारी बसली. रंगारी गोड बोलायला लागला. "आक्का, च्या घे, मग बघू." आक्का म्हणाली, "च्या नको. तुझं सूत आण आनि एक घमेलं पानी आण." भर गल्लीत त्याला स्वतःचं सूत पाण्यात बुडवावं लागलं. पाणी लाल झालं तेव्हा ती नुसती पाण्याकडे बघत राहिली. नवं सूत रंगवून घेतलं, नवं लुगडं विणलं गेलं आणि ते पोरीच्या सासूच्या हातात देताना आक्का म्हणाली, "चूक आमची हुती. तुमच्या सुनंची न्हाय." मी शेजारी उभी होते. त्या सुनेनं मान वर करून आक्काकडे जे बघितलं ते मला अजून दिसतं.

तिचा सगळा धंदा तोंडावर चालायचा. एका दारात मराठी, पुढच्या दारात कानडी, कॅम्पात मोडकी हिंदी. लुगडं उलगडलं की आधी त्यात काय खोट आहे ते सांगायची. "हा काठ जरा जाड आलाय. रोजच्याला घ्या, लग्नाला घिऊ नका." मग बायका तेच घ्यायच्या. हसायची ती मान मागं टाकून, सगळे दात दाखवून, आणि दात होतेही दाखवण्यासारखे, एकसारखे, घट्ट बसलेले. जात्यावर बसली की तिची ओवी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. सासूबाई म्हणायच्या, "हळू गं, मागावरच्यांचा हात चुकतोय."

आता मिशेरीचं सांगते, कारण पुढचा सगळा संताप तिच्यापायी आहे. मी निपाणीची. आमच्याकडे वखारीवखारीत तंबाखू, हवेत तंबाखू, भाकरीला तंबाखूचा वास. तंबाखू तव्यावर जाळून, कुटून बायका मिशेरी करतात आणि सकाळी, दुपारी, कामावरून आल्यावर दातांना घासत बसतात. माझी आई लावायची, आमच्या सासूबाई लावायच्या. आक्काला तो वास सोसत नसे. माझ्याबरोबर निपाणीला आली की वखारींच्या रस्त्यानं ती पदर नाकाला लावून चालायची. दात घासायला तिला मीठ आणि कडुलिंबाची काडी लागे. उभ्या जन्मात तिनं मिशेरीची चिमूट बोटावर घेतली नाही. हे मला ठाऊक, घराला ठाऊक, गल्लीला ठाऊक. तरी पुढं काय झालं ते ऐका.

युद्धाचे दिवस होते. सूत मिळायची मारामार होती, आक्काची फिरती वाढली होती. त्यातच तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. भाकरीच्या तुकड्यावर लाल ठिपका दिसायचा. मग हिरड्या फुगल्या, दातांपासून सुटल्या, दाबलं की पू यायचा, आणि वरचे पुढचे दात हलायला लागले. तुरटीच्या गुळण्या झाल्या, बाभळीची साल झाली, हळद झाली. गल्लीतल्या वडीलधाऱ्या बायका दारातून बघून म्हणायच्या, "मिशरी कमी कर गं." आक्का म्हणायची, "लावीत न्हाय." त्या मान हलवायच्या, जशी लहान पोराच्या खोटं बोलण्यावर हलवतात.

कुणीतरी कॅम्पातल्या दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं. मोठा शिकून आलेला, इंग्रजी पाटी, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायका त्याच्याकडे जातात, वगैरे. अण्णा तयार झाले. मी सातवी झालेली, लिहिता-वाचता येणारी, म्हणून मलाही बरोबर घेतलं.

डॉक्टर दिसायला देखणा होता, हात स्वच्छ, बोलणं पुण्याकडचं. आक्काला त्यानं वर-खाली होणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. तिला त्यानं सांगितलेली एवढी एकच गोष्ट. बाकी सगळं तो अण्णांशी बोलला. तोंड आक्काचं, बोटं त्याची, आणि बोलणं अण्णांशी.

"या बायकांना मिशेरीचं वेड असतं. हिरड्या सडतात."

आक्कानं त्याचं मनगट धरलं, हात तोंडाबाहेर काढला आणि म्हणाली, "डॉक्टरसायेब, मी मिशरी लावीत न्हाय."

तो अण्णांकडे बघून हसला. "सगळ्या असंच म्हणतात."

अण्णा काही बोलले नाहीत. अण्णा वाईट माणूस नव्हते. मोठ्या माणसापुढं त्यांची जीभ उचलत नसे, एवढंच. पण त्या खोलीत त्यांची जीभ उचलायला हवी होती, आणि ती उचलली नाही, म्हणून मी त्यांच्यावर कितीतरी दिवस चिडून होते.

डॉक्टर म्हणाला, पायरिया आहे, हिरड्यांचा खराब भाग कापून काढावा लागेल, मग दात वाचतील. आक्का तयार झाली. दात तिला हवेच होते. बधिर करायची सुई दिली तरी तिचे हात खुर्चीच्या दांड्यावर पांढरे पडले होते. मी दारात उभी राहून पाहिलं. कापून झाल्यावर त्यानं जखमेवर पांढुरका लगदा दाबून बसवला. त्यात कापसाचे तंतू होते आणि लवंगेच्या तेलाचा वास होता. तो वाळून कडक झाला. पुढच्या खेपेला काढू, म्हणाला.

पुढच्या खेपेला तो लगदा काढायला घेतला तेवढ्यात बाहेर मोटार थांबली आणि कुणा कर्नलची बायको गाल धरून आत आली. डॉक्टरनं भराभर चिमटा चालवला. तुकडे निघाले ते ताटलीत टाकले, आक्काला चूळ भरायला लावली आणि अण्णांना म्हणाला, "झालं. आता हिला तंबाखूपासून लांब ठेवा." आक्का जिभेनं चाचपत म्हणाली, "आत काय तरी टोचतंय." त्यानं ऐकलं नाही. तो मडमेला खुर्चीकडे नेत होता.

पहिले काही दिवस बरे गेले. कापलेल्या हिरड्या भरून यायला लागल्या, रक्त थांबलं. मग पुढच्या दोन दातांच्या वरची हिरडी सुजायला लागली. आधी कडेला लाल रेघ, मग सगळीच जांभळट, फुगून दातावर आलेली, हात लावला की रक्त. ओठ वर उचलला गेला. ताप यायला लागला. ती पेजेवर आली. आम्ही परत कॅम्पात गेलो. डॉक्टरनं तिला खुर्चीतसुद्धा बसवलं नाही. दारातच चेहरा बघून अण्णांना म्हणाला, "परत सुरू केलेली दिसते. घरी जरा लक्ष ठेवा."

घरी आल्यावर अण्णांनी लक्ष ठेवलं म्हणजे काय केलं, तर घर धुंडाळलं. फडताळ उपसलं, तांदळाच्या डब्यात हात घातला, तिच्या अंथरुणाची वळकटी सोडली. मिशेरीची डबी मिळाली ती सासूबाईंच्या कोनाड्यात, जिथं ती कायम उघड्यावर असायची. सासूबाई चिडून म्हणाल्या, "ती माजी हाय रं. रोज तीन येळा लावतो मी. माजं दात बघ." आणि त्यांनी तोंड उघडून मक्याच्या कणसासारखे दात लेकाला दाखवले.

आक्का हे सगळं बघत होती. ती उठली आणि अण्णांच्या मागाशेजारी जाऊन बसली, अशी की त्यांना पाय हलवता येईना. सुजलेल्या तोंडानं म्हणाली, "माज्या तोंडाचा वास घ्या."

"आता काय हे?"

"घ्या. तमाखूचा येतोय का बघा."

अण्णा खाली वाकले. वास पुवाचा होता आणि त्याच्याखाली, अगदी बारीक, लवंगेचा. अण्णांचं तोंड पडलं. ते मागावर बसून राहिले, धोटा हातात तसाच. त्या दिवशी एक हातभरही कापड झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कुणाला न विचारता कॅम्पात निघाली. मी मागोमाग गेले. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत बाकं होती. ती बाकावर बसली नाही. दारासमोर फरशीवर बसली. फार बोलवत नव्हतं, म्हणून जो कोणी आत येई त्याच्याकडे बघून ती नुसता ओठ वर करायची आणि हिरडी दाखवायची. एक पारशी म्हातारा बघून तसाच मागं फिरला. एक शिपाई बायकोला घेऊन आला होता. बायकोनं आक्काला कानडीत विचारलं, कुणी केलं हे? आक्कानं बोट आतल्या दाराकडे केलं. बायको नवऱ्याचा हात धरून निघून गेली. दुपार होईपर्यंत बाकं रिकामी झाली.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. "हा काय तमाशा आहे? पोलिसांना बोलावू का?"

आक्का म्हणाली, "बोलवा. पर आधी बघा."

शेवटी त्यानं पाहिलं. उभ्या उभ्या, ओठ दोन बोटांनी उचलून. तपकिरी औषध लावलं आणि म्हणाला, "सगळे दात काढून टाकावे लागतील. उद्या या."

"आत काय हाय ते सांगा आधी."

"काय असणार? तुझी घाण."

मी हे शब्द माझ्या कानांनी ऐकले आहेत. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी इथं ते जसेच्या तसे लिहिले आहेत.

मी आक्काला उठवलं. तिला कुणी उठवू शकत नसे, पण त्या दिवशी ताप फार होता आणि ती माझ्या अंगावर टेकली. घरी येऊन मी यजमानांना म्हणाले, मी तिला माहेरी नेते. निपाणीत एका छोट्या दवाखान्यात धारवाडकडची एक डॉक्टरीण येत असे, वखारीतल्या बायकांना बघायला. सर्व्हिस मोटारीनं आम्ही गेलो. वाटभर आक्का खिडकीला डोकं लावून होती. खड्डा आला की तिच्या तोंडून आवाज निघायचा, ओरडणं नव्हे, रागानं केलेला हुंकार.

डॉक्टरीण लहान चणीची, चष्मा लावणारी बाई होती. तिनं आम्हांला खिडकीजवळ उजेडात बसवलं, स्वतः समोर स्टूल घेतलं आणि माझ्याकडे न बघता आक्काला विचारलं, "एन आगेदरी निमगा?" काय होतंय तुम्हांला?

आक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती चिडून म्हणाली, कानडीतच, "आता विचारतीस होय?"

डॉक्टरीण थांबून राहिली. आक्कानं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, अडखळत. मिशेरीचंही सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "नाही लावत तर नाही लावत." एवढंच. आक्काचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर चढलेले होते हे मला तेव्हा कळलं.

सुजलेली हिरडी तिनं हलक्या हातानं बाजूला केली, आत बारीक आकडी घातली आणि हळूहळू काहीतरी ओढलं. कडक झालेला, कापसाचे तंतू लोंबत असलेला करड्या रंगाचा तुकडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. दोन दातांच्या मध्ये, हिरडीच्या आत, खोल रुतून बसला होता. त्याच्यामागून पू आणि रक्त आलं. कोमट मिठाच्या पाण्यानं तिनं कितीतरी वेळ ती जागा धुतली. मग तो तुकडा कापसावर ठेवून आमच्यापुढं धरला. ती म्हणाली, हिरडी कापल्यावर जखमेवर जे लावतात ते हे, काढताना आत राहिलं, हिरडी त्याच्यावरून भरून आली आणि आतल्या आत नासली. "कधीपासून टोचत होतं?"

"त्यानं काढलं त्या दिवसापासनं."

"त्याला सांगितलं होतं?"

"सांगितलं हुतं."

डॉक्टरीण खाली बघत म्हणाली की तेव्हाच निघालं असतं तर काही झालं नसतं. आता हाड कुरतडलं गेलंय, पुढचे दात राहणार नाहीत. ते राहिले नाहीत. वरचे पुढचे चार दात तिनं नंतरच्या खेपांना काढले. हिरडी आत ओढली गेली आणि आक्काचा वरचा ओठ खाली बसला.

बरं वाटल्यावर आम्ही शहापुरात परतलो. तो तुकडा आक्कानं काडेपेटीत जपून आणला होता. या वेळी अण्णा स्वतः म्हणाले, "मी येतो." आम्ही तिघं कॅम्पात गेलो. आक्कानं काडेपेटी उघडून डॉक्टरच्या नाकाजवळ धरली.

"वास घे."

तोपर्यंत ती त्याला अहोजाहो करत आली होती. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिनं त्याचा उल्लेख एकेरीच केला.

डॉक्टर मागं सरकला. "हे माझंच कशावरून? तोंडात काय काय घालता तुम्ही लोक."

तेव्हा अण्णा बोलले. मागावर बसून वाकलेली त्यांची पाठ, ती त्यांनी सरळ केली. "डॉक्टर, माज्या बायकूनं मिशरी कधी लावली न्हाय. मी घर धुंडून बघितलंय. माजी चूक झाली. तुमची बी झाली."

डॉक्टरनं बाहेरचं दार लोटून घेतलं. मग त्याचा आवाज मऊ झाला. तो म्हणाला, झालं ते झालं, मी छान कवळी करून देतो, काही घेणार नाही, कुणाला कळणारसुद्धा नाही.

आक्का म्हणाली, "तुजा हात परत माज्या तोंडात जायचा न्हाय. कवळी नको. तू एवढंच म्हन, ही बाई मिशरी लावीत नव्हती, चूक माजी हुती. हितं या दोघांच्यासमोर म्हन. मग मी जातो."

डॉक्टरनं घड्याळ काढून बघितलं. म्हणाला, "बाहेर पेशंट खोळंबलेत." तेवढंच म्हणाला.

आक्का या वेळी त्याच्या दारात बसली नाही. परत येताना आम्ही परेडच्या मैदानाच्या कडेनं चाललो होतो. मी चिडून म्हणाले, "आक्का, त्याला ठाऊक आहे तर म्हणत का नाही?"

"आज मला म्हनला तर उद्या दुसरीला बी म्हनावं लागंल," आक्का म्हणाली आणि गाठोडं नसलेल्या काखेवर हात ठेवून चालत राहिली.

त्यानंतर तिचं बोलणं बदललं. स, श, च आले की वारा निघायचा. शहापूरच तिला नीट म्हणता येईना. कॅम्पातली पोरं तिच्या मागून तसंच बोलत यायची. ओळखीची घरं दार उघडायची, नवी घरं हातानंच नको म्हणायची. तिनं फिरणं सोडलं नाही. फक्त आता विकताना ती बोलत नसे. लुगडं उलगडायची, खोट असेल तिथं बोट ठेवायची आणि थांबायची. जात्यावर ओवी म्हणायची, तिचे शब्द मला कळेनासे झाले होते, पण आवाज तसाच पलीकडच्या गल्लीत जायचा आणि आता सासूबाई तिला हळू म्हण असं सांगत नसत. दर थंडीत ती हिरडी ठणकायची. गालाला फडकं बांधून ती दाराबाहेर पडायची तेव्हा मला त्या देखण्या डॉक्टरच्या पाटीवर दगड मारावासा वाटायचा. पाटी वर्षावर्षाला मोठी होत गेली होती.

आक्काचा राग मात्र दगड मारण्याच्या कामी आला नाही. ती दुसऱ्या बायकांबरोबर दवाखान्यात जायला लागली. बोलावलं तर जायची, न बोलावताही जायची. वडगावच्या एका विणकराच्या बायकोचं पोट दुखायचं. तिथला डॉक्टर नवऱ्याला विचारत होता, कधीपासून दुखतं, कुठं दुखतं. आक्का दारातून म्हणाली, "प्वाट तिचं हाय. तिला इचारा." डॉक्टर चिडला. आक्का तिथंच बसली. शेवटी त्यानं विचारलं आणि ती बाई, जी घरात कधी बोलत नव्हती, ती इतकं बोलली की नवराच चकित झाला. तिच्या पोटात मूल होतं आणि ते जिवंत नव्हतं. हे कितीतरी दिवस तिला एकटीला कळलेलं होतं. डॉक्टरला वेळेवर कळलं म्हणून ती वाचली. तिनं पुढं आक्काला ओटी भरायला बोलावलं तर आक्का म्हणाली, "वटी नको. पुढच्या बारीला आपनच बोल."

स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षी पावसाळा संपता संपता आक्काला विषमज्वर झाला. निपाणीची डॉक्टरीण तोवर धारवाडला परत गेली होती. आक्का झपाट्यानं गेली, तापात बडबडत, कानडी आणि मराठी एक करत. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "निपाणी, तू लई गप ऱ्हातीस." मी म्हटलं, "तू बोलतेस ना आमच्या वाटणीचं." ती म्हणाली, "मी काय कायमची हाय?"

सवाष्ण गेली म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. बाहेर पुरुष तिरडी बांधत होते. तोंडात पाणी आणि तुळशीपत्र घालायचं म्हणून एका म्हातारीनं तिचा वरचा ओठ उचलला. ती रिकामी, आत ओढलेली हिरडी सगळ्यांना दिसली. म्हातारी हळहळून म्हणाली, "मिशरीनं खाल्लं गं बाई हिचं तोंड."

आणि बायकांनी माना हलवल्या. तशाच, पूर्वीसारख्या.

मी त्या घरात आल्यापासून चार माणसांत कधी आवाज चढवला नव्हता. त्या वेळी मी म्हणाले, "हात काढा तिच्या तोंडावरचा." म्हातारीनं घाबरून काढला. मग मी सांगायला लागले. कॅम्पातली खुर्ची, मनगट धरून बाहेर काढलेला हात, मोटारीतून आलेली मडम, आत राहिलेला तुकडा, तो घाण म्हणाला ते, घड्याळ बघून पेशंट खोळंबलेत म्हणाला ते. काही सोडलं नाही. माझा आवाज माझाच मला ओळखू येत नव्हता. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "उशीर होतोय, आटपा." मी थांबले नाही. परत ओरडले तेव्हा दारात अण्णा येऊन उभे राहिले, ओल्या धोतरातच, आणि बाहेरच्यांना म्हणाले, "बोलू दे तिला. सगळं होऊ दे. मग उचलू."

सगळं सांगून झालं. वडगावची ती विणकराची बायको कोपऱ्यात उभी होती. ती पुढं आली आणि तुळशीचं पान तिनं माझ्या हातात दिलं. मी आक्काचा ओठ उचलला, त्या रिकाम्या जागेत पान ठेवलं आणि म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्का, तू मिशेरी लावत नव्हतीस."